गाडीतली बाई

“मोबाइल बंद करा! सगळ्यांनी मोबाइल बंद करा! त्याच्या लहरींनी बाई बिथरते!”

चेल्यानं भोंग्यातून आरोळी ठोकली आणि माळावर जमलेल्या शे-दीडशे माणसांनी शाळकरी पोरांसारखे निमूट खिशात हात घातले. गाड्या ओळीनं उभ्या होत्या. पहिल्या गाडीवर टपापासून चाकांपर्यंत भलं मोठं काळं कापड पांघरलेलं होतं आणि त्याखाली इंजिन घरघरत होतं. गाडीचा मालक, पेशानं दातांचा डॉक्टर, गाडीकडे पाठ करून, हात जोडून, डोळे मिटून उभा होता आणि पुलाखाली बुडालेल्या कुणा एका बाईची मोठ्यानं माफी मागत होता. दिवसभर लोकांना आ करायला लावणारा गृहस्थ, पण आज आ वासायची पाळी त्याची होती.

प्रकरण असं होतं. नदीवरचा जुना पूल पाडून दोन वर्षं झाली होती. फाट्यावरून उजवीकडे वळलं की नवा रस्ता आणि नवा पूल लागे. सरळ गेलं की रस्ता एका दगडी खुंटापाशी संपे आणि खाली नदी. पण काही गाड्यांना हे मान्यच नव्हतं. ज्या गाड्यांमध्ये रस्ता दाखवणारा पडदा मुळातच बसवलेला असतो आणि ‘डावीकडे वळा, उजवीकडे वळा’ असं एक बाई आतून सांगत असते, त्या गाड्यांतली बाई या फाट्यावर आली की हटकून म्हणे, “सरळ जा.” नवखा माणूस, पहाटेचं धुकं, आणि बाईवर विश्वास. काहींनी खुंटापाशी करकचून ब्रेक दाबले आणि वाचले. काही खाली गेले.

याचं कारण वाटाड्याबाबांनी शोधून काढलं होतं. अंगात राखाडी झगा, गळ्यात जुन्या गाड्यांच्या किल्ल्यांची माळ आणि आवाज असा की भोंग्याची गरजच नव्हती.

“पुलाखाली बाई बुडाली!” बाबा गरजले. “एकटी आहे ती. तिला सोबत पाहिजे. मग ती काय करते? गाडीतल्या बाईच्या गळ्यात शिरते! तुम्ही म्हणाल, यंत्राला भूत कसं लागेल? अरे, जी वस्तू इंधन पिते, धूर सोडते, ऊन झाली की पाणी मागते, ती जिवंत नाही तर काय! आणि जिथं जीव, तिथं झपाटणं!”

“खरं आहे!” गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

“इंजिन बंद करायचं नाही! इंजिन बंद म्हणजे प्राण गेला. प्राण गेलेल्या गाडीतून बाई निघत नाही!”

बाबांचं स्तोत्र लांबलचक होतं. लोकांचे पाय दुखायला लागले तेव्हा कापडाखालून चेला बाहेर आला आणि त्यानं मान हलवली. कापड उतरवलं. डॉक्टर स्टिअरिंगवर बसले, बाबा त्यांच्या शेजारी. गाडी हळूहळू फाट्याकडे निघाली आणि तिच्या उघड्या खिडक्यांना लगटून अख्खी गर्दी निघाली.

“बोल बाई!” बाबांनी पडद्यावर थाप मारली. “आता बोल!”

फाटा आला. गर्दीनं श्वास रोखला. गाडीतली बाई शांतपणे म्हणाली, “उजवीकडे वळा.”

काय तो कल्लोळ! डॉक्टरांनी गाडीतून उतरून बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं. बायका डोळे पुसू लागल्या. गर्दीच्या कडेला घडीच्या खुर्चीवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ हातातली काठी आपटत रडत होते.

“बघितलंस? मी सांगत नव्हतो? तिनं ओढलं मला. तिनं!”

“हो अण्णा,” त्यांचा मुलगा म्हणाला. मुलाचं फोटोचं दुकान होतं म्हणून गाव त्याला फोटोवाला म्हणे. त्यानं हो म्हटलं खरं, पण वडिलांकडे बघितलं नाही.

अण्णांना गाव मास्तर म्हणून ओळखत होतं. मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे. तासाभराच्या अंतरावरच्या त्यांच्या गावातल्या निम्म्या लोकांचे हात त्यांनीच स्टिअरिंगवर बसवले होते. सहा-सात महिन्यांपूर्वी नदीपलीकडे राहणाऱ्या जुन्या मित्राला भेटायला ते धुक्यात एकटे निघाले. या बाजूला कित्येक वर्षांत आले नव्हते. ते थेट खुंटावरून खाली गेले. पाणी कमी होतं म्हणून जीव वाचला, पण खुबा मोडला. त्याहून मोडला तो माणूस. मास्तरांनीच गाडी नदीत घातली, आता वय झालं, असं लोक हळू आवाजात बोलायचे आणि ते अण्णांना ऐकू यायचं. मग वाटाड्याबाबांची कीर्ती कानावर आली आणि अण्णांना बुडत्याला काडी सापडावी तशी ती बाई सापडली.

त्या दिवशी त्या दोघांना माळावर घेऊन आला होता तो त्यांच्या दुकानाशेजारचा बेकरीवाला, स्वतःच्या डिलिव्हरी व्हॅनमधून. परत जाताना तोही भारावलेला होता.

“माझ्याही व्हॅनमध्ये तो पडदा आहे,” तो म्हणाला. “आता नदीपलीकडच्या लग्नांच्या केकच्या ऑर्डरी यायला लागल्यात. पुढच्या रविवारी करून घेऊ का हो शुद्धी? तुम्हाला काय वाटतं?”

फोटोवाला खिडकीबाहेर बघत राहिला. मागच्या सीटवर अण्णा होते.

“लोकांना गुण येतो म्हणे,” तो म्हणाला.

घरी आत्या होती. अण्णांची धाकटी बहीण, शाळेत भूगोल शिकवायची आणि घरात सगळ्यांना शिकवायची. भावानं डोळे पुसत सगळी हकिकत सांगितली. तिनं ती शांतपणे ऐकून घेतली, म्हणजे तिच्या मानानं शांतपणे.

“दादा, मला एवढंच सांग. मोबाइल बघून जाणाऱ्याला ती बाई का धरत नाही? माझ्या शाळेतली चार जणं महिन्यातून दोनदा तिकडून जातात. त्यांना काय ती घाबरते?”

“मोबाइलमध्ये प्राण नसतो.”

“आणि नव्या कोऱ्या गाडीला का नाही धरत? भुताला जुन्या मालाचीच आवड?”

“तू थट्टा कर,” अण्णा म्हणाले. “माझ्या खुब्याला विचार.” आणि काठी टेकत आत निघून गेले.

आत्यानं भाच्याकडे बघितलं. “तू का रे मूग गिळून बसलायस?”

“काही नाही,” तो म्हणाला. “त्यांना बरं वाटतंय तर वाटू दे.”

दुसऱ्याच आठवड्यात चेला दुकानात हजर. माळावर बोलता बोलता त्यानं फोटोच्या दुकानाची चौकशी करून ठेवली होती. त्यानं खिशातून एक कार्ड काढलं, टपालाच्या तिकिटाएवढं, कॅमेऱ्यात घालतात तसलं.

“बाबांच्या कार्यक्रमाचे फोटो आहेत. याच्या प्रती काढायच्यात. अशी सहा कार्डं द्या.”

फोटोवाल्याचा दिवस अशी कार्डं हाताळण्यातच जायचा. त्यानं ते संगणकाला लावलं. आत एकही फोटो नव्हता. गाडी बनवणाऱ्या कंपनीचं नाव, त्याखाली ‘नकाशा’ नावाची मोठी फाइल, पुढे या वर्षाचा आकडा. त्यानं स्क्रीनकडे बघितलं, मग चेल्याकडे. चेला भिंतीवरचे वधूवरांचे फोटो न्याहाळत होता.

सगळं एका क्षणात उलगडलं. गाडीतल्या पडद्याला जग ठाऊक असतं ते असल्याच एका कार्डावरून. गाडी विकली जाते तेव्हा जो नकाशा असेल तो त्यावर असतो. पुढे रस्ते बदलतात, पूल पडतात. कार्ड आपणहून बदलत नाही. कंपनी दर वर्षी नवा नकाशा काढते. तो संगणकावर उतरवायचा, कार्डावर घ्यायचा, कार्ड पडद्याखालच्या खाचेत घालायचं आणि इंजिन चालू ठेवून अर्धा-पाऊण तास थांबायचं. इंजिन मध्येच बंद पडलं तर काम अर्धवट राहतं. झालं! एवढीच ती शुद्धी. काळं कापड चेल्याचा हात झाकायला, लांबलचक स्तोत्र वेळ काढायला. आणि मोबाइल बंद कशासाठी? कुणी तोच फाटा मोबाइलवर बघितला असता तर मंत्राशिवायच उजवं वळण दिसलं असतं.

पण त्या क्षणी फोटोवाल्याच्या मनात बाबांची लबाडी नव्हती. त्याला एक जुनी संध्याकाळ आठवली. अपघाताच्या बऱ्याच आधीची. अण्णांनी त्याला अंगणातून हाक मारली होती.

“अरे, गाडी सुरू केली की हे काय लिहून येतं बघ. चष्मा घालूनही कळत नाही.”

पडद्यावर लिहिलं होतं, ‘नकाशा जुना झाला आहे. कृपया नवा घ्या.’ त्यानं वाचलं. त्याच्या दुकानात तसली कार्डं डबाभर पडलेली होती. पण त्या दिवशी त्याला कंटाळा आला होता.

“काही नाही अण्णा, जाहिरात असते. ‘ठीक’ दाबायचं, जातं ते.”

त्यानंतर अण्णा रोज ‘ठीक’ दाबत राहिले. त्या पहाटेही त्यांनी ते दाबलं असणार.

म्हणून फोटोवाल्याला बुडालेली बाई हवी होती. अण्णांना ती हवी होती, कारण तिच्यामुळे दोष त्यांच्या वयावर येत नव्हता. आणि मुलाला ती अण्णांपेक्षाही जास्त हवी होती. ती नसती तर दोष द्यायला दुसरं कोण उरलं होतं? तोच.

त्यानं सहा कार्डं भरून दिली. प्रत्येकावर, सवयीनं, दुकानाची छोटी चिठ्ठी चिकटवली.

“फोटो छान आलेत,” तो चेल्याला म्हणाला. चेला हसला. दोघांनाही कळलं की दोघांना कळलंय.

त्यानंतर चेला वरचेवर येऊ लागला. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, वेगवेगळे नकाशे. एकदा काउंटरवर कोपर टेकून तो सहज बोलून गेला, “ती एक डिलिव्हरी व्हॅन आली होती बघा, तुमच्याच गावची. तिच्या मॉडेलचा नवा नकाशा कुठं मिळतच नाही.”

“मग?”

“मग काय! कापड टाकलं, बाबांनी स्तोत्र म्हटलं, आरशाला धागा बांधून दिला. फाट्यापर्यंत नेलीच नाही. म्हटलं, बाई निघाली, आता घरी जा. माणूस खूश होऊन गेला.”

गावात डिलिव्हरी व्हॅन एकाच माणसाची होती. तो माणूस त्या वेळी भिंतीपलीकडेच होता. त्याच्या भट्टीतल्या पावाचा वास दुकानात येत होता. दार उघडून चार पावलं टाकली असती तर पुरे होतं. काय सांगायचं, याची जुळवाजुळव फोटोवाल्यानं दिवसभर केली. तुमची व्हॅन शुद्ध झालेली नाही, असं म्हणायचं? मग तो विचारणार, इतरांच्या कशा झाल्या? मग कार्डं. मग अण्णा. संध्याकाळी बेकरीवाल्यानं शटर ओढलं आणि नेहमीसारखा हात हलवून गेला. यानंही हात हलवला. उद्या सांगू, असं ठरवलं. उद्या गिऱ्हाइकं होती. परवाही होती.

मग एका धुक्याच्या सकाळी बेकरीवाला लग्नाचा तीन मजली केक घेऊन नदीपलीकडे निघाला. फाट्यावर त्याला ती बाई आठवलीच असणार. पण आता भीती कसली? आरशाला धागा होता. गाडी शुद्ध झालेली होती. बाई म्हणाली, “सरळ जा,” आणि शुद्ध झालेल्या बाईचं त्यानं ऐकलं.

त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

इस्पितळाच्या बाकावर बेकरीवाल्याची बायको भिंतीकडे बघत बसली होती. आत्या तिच्याजवळ बसून होती. फोटोवाला कोपऱ्यात उभा. थोड्या वेळानं आत्या उठून त्याच्याकडे आली. तिचा आवाज खाली होता, आणि आत्याचा आवाज खाली असला की घरात सगळे घाबरत.

“मी भूगोलाची बाई आहे. माझ्या वर्गात भिंतीवरचा नकाशा जुना झाला की मुलं चुकीची उत्तरं लिहितात. त्यांच्या अंगात येत नाही. गाडीतला नकाशा जुना आहे, एवढंच आहे ना हे?”

त्यानं बाकावर बसलेल्या बेकरीवाल्याच्या बायकोकडे बघितलं.

“इंजिन चालू लागतं, कापड लागतं, वेळ लागतो. म्हणजे आत कुणीतरी काहीतरी बसवतंय. तू रोज ही यंत्रं हाताळतोस. तुला नाही कळलं?”

“कळलं होतं,” तो म्हणाला. “कार्डं मीच भरून देतो त्यांना.”

आत्यानं हात उचलला. मारेल असं त्याला वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. पण तिनं तो हात भिंतीला टेकवला.

“का रे?”

अर्धं सांगून झालं होतं. उरलेलं अर्धं त्यानं गाळलं. “अण्णांना बरं वाटत होतं,” तो म्हणाला. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. आत्याला ते उमगलं असावं. तिनं फक्त एवढंच विचारलं, “दादाची गाडी दुरुस्त होऊन आली ना? या रविवारी ती घेऊन जायचं. तू येणार आहेस.”

रविवारी माळावर आधीपेक्षाही जास्त गर्दी होती. बेकरीवाल्याची बातमी पसरली होती आणि बाबांनी तिचं सोनं केलं होतं. “त्यानं धाग्याला उष्ट्या हातानं शिवलं! बाई चिडली!” अशी नवी कथा तयार होती. फाट्यावर बाबांचा मोठा रंगीत फलक फडफडत होता. आत्यानं तिथं गाडी थांबवून फलकाची एक दोरी सोडली. मागे सरकारी पाटी होती: ‘पुढे पूल नाही.’ अण्णांच्या अपघातानंतर लावलेली. बाबांना फलक बांधायला आयते खांब मिळाले होते. आत्यानं मग दुसरी दोरीही सोडली, फलकाची गुंडाळी केली आणि मागच्या सीटवर अण्णांशेजारी टाकली.

अण्णांना वाटत होतं आपण शुद्धीला चाललो आहोत. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता.

त्यांचा नंबर आला. बाबांनी मास्तरांना ओळखलं आणि स्वर चढवला. “हे बघा, बाईनं धरलेलं पहिलं झाड! आज मूळ उपटतो!” कापड पडलं. चेला खाली शिरला. अण्णा काठीवर रेलून, डोळे मिटून माफी मागू लागले. फोटोवाल्याला वडिलांचे हलणारे ओठ बघवेनात.

स्तोत्र सुरू होतं न होतं तोच कापडाखालून चेला बाहेर आला. कपाळावर घाम. त्यानं बाबांच्या कानाशी तोंड नेलं. बाबांची किल्ल्यांची माळ जराशी खुळखुळली.

“ही बाई हट्टी आहे!” त्यांनी जाहीर केलं. “आज निघणार नाही. अमावास्या होऊ द्या. पुढची गाडी!”

“थांबा,” आत्या म्हणाली. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता तो. तिनं कापडाचं टोक धरून सपकन ओढलं, दार उघडलं आणि जवळच्या चार जणांना आत डोकवायला सांगितलं. पडद्याखालच्या खाचेवर एक चिकटपट्टी होती आणि पट्टीवरून आत्याची सही आरपार गेली होती.

“काल रात्री मी ही पट्टी लावली. बस्स, एवढंच केलं. पट्टी फाडली तर चोरी कळणार, नाही फाडली तर कार्ड जाणार नाही. काय हो बाबा, तुमचं भूत चिकटपट्टीनं अडतं?”

हशा पिकला, पण सगळीकडे नाही. “श्रद्धेची चेष्टा करता?” कुणीतरी ओरडलं. एक दणकट माणूस पुढे सरसावला.

“चेष्टा नाही,” फोटोवाला म्हणाला. त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला. त्यानं पट्टी सोलून काढली, खिशातून कार्ड काढलं, सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि खाचेत सरकवलं. “कापड नको. स्तोत्र नको. इंजिन तेवढं चालू राहू दे. तुम्ही पडद्याकडे बघत राहा.”

पडद्यावर ओळ आली: ‘नवा नकाशा घेतला जात आहे. इंजिन बंद करू नका.’ आत्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. खाली एक निळी पट्टी मुंगीच्या गतीनं पुढे सरकू लागली. लोक आळीपाळीनं खिडकीतून वाकून बघत. तो दणकट माणूसही वाकला, आणि बराच वेळ वाकून राहिला. पट्टी भरली. आत्या स्टिअरिंगवर बसली आणि गाडी फाट्यापर्यंत नेली. मागोमाग सगळे.

“उजवीकडे वळा,” बाई म्हणाली. तोच आवाज, तोच स्वर.

मंडळी एकमेकांकडे बघू लागली. दातांच्या डॉक्टरांनी धावत जाऊन, मागच्या रविवारी शुद्ध करून घेतलेल्या आपल्या दुसऱ्या गाडीची खाच चाचपली. आतलं कार्ड काढून ते परतले आणि त्यावरची चिठ्ठी त्यांनी वाचली. “अहो, यावर तर तुमच्याच दुकानाचं नाव आहे!”

“कार्ड कुणाचंही असो!” बाबांना जोर चढला. “शक्ती मी भरली त्यात! मी!”

“मग बेकरीवाल्याच्या व्हॅनमध्ये का नाही भरलीत?” आत्यानं विचारलं.

चेल्यानं गर्दी बघितली, तिच्यातला बदल ओळखला आणि बाबांपासून एक पाऊल लांब सरकला. “त्याच्या गाडीचा नकाशाच मिळत नव्हता,” तो पुटपुटला. “मी बाबांना म्हटलं होतं, नको म्हणून.”

त्यानंतर बाबांकडे कुणी फारसं बघितलं नाही. डॉक्टर मात्र कार्ड हातात धरून तसेच उभे होते. “पण तुम्हाला हे आधीपासून ठाऊक होतं,” ते फोटोवाल्याला म्हणाले. तो प्रश्न नव्हता.

‘मी फक्त कार्डं विकतो’ असं म्हणता आलं असतं. आत्याला सांगितलेलं अर्धंच परत सांगता आलं असतं. अण्णा समोर होते. मिटलेले डोळे त्यांनी आता उघडले होते.

“ठाऊक होतं,” तो म्हणाला. “त्या व्हॅनचं काम झालेलं नाही, हेही ठाऊक होतं. तो माणूस माझा शेजारी आहे. मी त्याला बोललो नाही. कारण बाई खोटी ठरली असती तर माझे वडील नदीत का गेले, हे सांगावं लागलं असतं.” मग तो अण्णांकडे वळला. “अण्णा, पडद्यावर जे लिहून यायचं, ती जाहिरात नव्हती. नकाशा जुना झालाय, असं लिहिलेलं असायचं. तुम्ही मला विचारलं होतं. मी वाचलं आणि तुम्हाला ‘ठीक’ दाबायला सांगितलं.”

अण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“घरी चला,” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही.

चार दिवस अण्णा मुलाशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी चहा समोर आला तेव्हा, कपाकडे बघतच ते म्हणाले, “माझाही वाटा आहे. धुक्यात समोर काही दिसत नव्हतं आणि मी वेग कमी केला नाही. रस्ता आहे की संपला, हे बघायचं काम माझं होतं. वय झालं म्हणून नव्हे. बाई सांगतेय म्हटल्यावर मी बघणंच सोडलं. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं रे. म्हणून तर मी त्या माळावर जाऊन रडलो.”

“अण्णा, मी...”

“माझं राहू दे. आपण घरातले, आपलं आपण बघू. पलीकडच्या दुकानाचं शटर किती दिवस बंद आहे, ते बघ.”

तो त्याच दुपारी इस्पितळात गेला. बेकरीवाला उशीला टेकून बसला होता. चादर डाव्या बाजूला अर्ध्यावरच सपाट झालेली. माळावरची हकिकत त्याच्या कानावर गेलेली होती, तरी फोटोवाल्यानं ती पहिल्यापासून सांगितली: चेला काय बोलला, भिंतीपलीकडे पावाचा वास कसा येत होता, संध्याकाळी हात कसा हलवला. काही गाळलं नाही.

बेकरीवाल्यानं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“इतके दिवस मी स्वतःलाच दोष देत होतो,” तो म्हणाला. “धाग्याला उष्टा हात लागला असेल म्हणून. बायकोला विचारत होतो, तू तर नाही ना शिवलीस? तिच्यावर चिडत होतो. त्या बाईवर चिडावं म्हटलं तर भुतावर चिडणार कसं? तिला काय विचारणार?” तो वळला. त्याच्या डोळ्यांत दयामाया नव्हती. “आता माणूस सापडला. आता मला नीट चिडता येईल.”

“चिडा,” फोटोवाला म्हणाला.

“चिडणारच आहे. आज नाही, आज ताकद नाही. उद्या या.”

तो दुसऱ्या दिवशी गेला, त्यानंतरही जात राहिला. कधी बोलणी खाल्ली, कधी नुसता बसून आला. माफी मिळाली का, असं विचाराल तर नाही मिळाली. त्यानं मागितलीही नाही. नंतर बेकरी उघडली तेव्हा पहाटे पीठ मळायला दोन हात कमी पडत होते, ते त्यानं दिले. बेकरीवाला त्याच्याशी कामापुरतंच बोलतो. फाट्यावर आता काँक्रीटची भिंत आहे. ती व्हावी म्हणून आत्यानं किती कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या ते तिलाच ठाऊक. वाटाड्याबाबा तिथून हलले. कुठं गेले माहीत नाही, पण असली माणसं रिकामी बसत नाहीत.

म्हणून सांगायचं ते एवढंच. उद्या तुमच्या गावात कुणी येईल आणि तुमच्या संकटामागे एखादा आत्मा दाखवील. त्याचं ऐकायला बरं वाटेल, कारण आत्म्यानं केलं म्हटलं की माणसांपैकी कुणी काही केलेलं नसतं. तेव्हा हात जोडण्याआधी जरा थांबा आणि विचारा, इथं कुणाचं कोणतं काम राहून गेलंय? उत्तर कदाचित तुमच्याच घरातून येईल. ते ऐकायला जड जाईल. तरी विचारा. भुताला शांत करून कुणाचा पाय परत आलेला नाही, आणि राहिलेलं काम वेळेवर केलं असतं तर तो गेलाही नसता.